कार्ब्युरेटरची कैफियत

गोदौलियाच्या चौकात सायंकाळच्या वेळी, दशाश्वमेधावरील आरतीस निघालेल्या यात्रेकरूंचा लोंढा, ई-रिक्षांची न हलणारी रांग आणि मध्येच शांतपणे उभा राहिलेला एखादा नंदी यांच्या कोंडीत जुनी मोटारसायकल घेऊन ज्यास अडकून पडावे लागले आहे, त्यास इंजिनाच्या मंदचालीचे महत्त्व ग्रंथांतून शिकण्याची गरज उरत नाही. मोकळ्या रस्त्यावर सत्तरच्या वेगाने उत्तम धावणारी गाडी इथे हातभर जागेत पाच-पाच मिनिटे उभी राहते, आणि या पाच मिनिटांत तिच्या प्रकृतीचे सर्व दोष एकेक करून बाहेर येऊ लागतात. काशीइतका मंदचालीचा कस पाहणारे दुसरे शहर माझ्या पाहण्यात नाही.

रेस सोडून दिल्यावर इंजिनाने जी सावकाश आणि एकसारखी गती धरून राहावयाची, तिला इकडचे मिस्त्री 'स्लो' म्हणतात आणि महाराष्ट्रातील गॅरेजांतही तोच शब्द रूढ आहे. ही चाल बिघडली म्हणजे तिची तीन रूपे दिसतात. कधी चौकात येऊन थांबताच इंजिन दोन-चार ठोके देऊन बंद पडते. कधी रेस सोडली तरी वेग उतरावयास तयार नसतो आणि गाडी उभ्या जागी गर्जत राहते. आणि कधी, हा प्रकार सर्वांत त्रासाचा, वेग आपोआप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि त्या चढउताराला काही नियमच सापडत नाही. तिन्ही प्रसंगी बहुतेक मालक आणि पुष्कळसे मिस्त्री एकाच उपायाकडे वळतात: पेचकस घ्यावयाचा आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवावयाचा. या लेखात या प्रश्नाच्या सर्व बाजूंची शहानिशा करावयाची आहे. परंतु माझा निष्कर्ष आरंभीच सांगून टाकतो. या फिर्यादीत कार्ब्युरेटर पुष्कळदा केवळ साक्षीदार असतो, आणि स्क्रू फिरवणारा माणूस गुन्हेगाराचा माग लागण्यापूर्वीच त्या साक्षीदाराची जबानी पुसून टाकतो.

प्रथम गाड्यांचा तपशील. लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी बुलेट पसंत केल्यावर 1955 साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातील रॉयल एनफील्ड यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली, आणि सत्तर मिलिमीटर व्यासाच्या व नव्वद मिलिमीटर धावेच्या एकाच सिलिंडरची, 346 घनसेंटिमीटरची ती गाडी या देशाची झाली. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने जावा आणि पुढे येझदी बनवली. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत आणली, जी उत्तरेकडील दूधवाल्यांनी दोन्ही अंगांना कॅन अडकवून इतकी वर्षे वापरली की पूर्वांचलात राजदूत म्हटले की अजूनही दुधाचीच आठवण येते. काशीत जुन्या म्हणून ज्या मोटारसायकली हिंडताना दिसतात त्या बहुतेक या तीन घराण्यांच्या. त्यांपैकी बुलेट चारस्ट्रोक, उरलेल्या दोन टूस्ट्रोक. आणि हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

माझा स्वतःचा संबंध काकांच्या बुलेटशी. दुर्गाघाटावरील आमच्या वाड्याच्या दिंडीसमोर ती माझ्या लहानपणापासून उभी असे, आणि काकांनी तिच्या दुरुस्तीचा जमाखर्च एका निळ्या वहीत तारीखवार लिहून ठेवला होता. ती वही मला गाडीबरोबरच वारशाने मिळाली, आणि तिचे मोल मला गाडीहून थोडे अधिकच वाटत आले आहे.

मंदचाल एवढी नाजूक का, हे कळल्यावाचून दोषाचा शोध घेता येत नाही. कार्ब्युरेटरचे मूळ तत्त्व जुने आहे. अरुंद गळ्यातून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, ही गोष्ट जोव्हानी वेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने 1797 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आली. आणि 1893 साली बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका यांनी आणि जर्मनीत मायबाखने इंधनाचा फवारा हवेत सोडणारी जी उपकरणे सिद्ध केली, त्यांच्यापासून आजच्या कार्ब्युरेटरचा वंश सुरू होतो. गळ्यात दाब उतरला की खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाते आणि हवेत मिसळते, वजनाने 14.7 भाग हवेस एक भाग पेट्रोल हे ज्वलनाचे शास्त्रोक्त प्रमाण. परंतु रेस सोडली की गळ्यातील सरकती झडप, म्हणजे स्लाइड, खाली येऊन तो गळा जवळजवळ बंदच होतो. उरलेल्या चिंचोळ्या फटीतून जाणारी हवा मुख्य जेटमधून पेट्रोल वर ओढण्याइतकी बलवान नसते, म्हणून या अवस्थेसाठी पायलट जेटचा एक निराळा छोटा मार्ग केलेला असतो. वाड्याचा थोरला दरवाजा रात्री लावून घेतल्यावर जाणेयेणे दिंडीतून चालते, तसाच हा प्रकार. दिवसा दरवाजा सताड उघडा असताना भिंतीच्या एखाद्या भगदाडातून कोणी आत शिरला तरी शेकडोंच्या वर्दळीत तो कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री मात्र दिंडीतून दोनच माणसे येणार असतात, तेव्हा भगदाडातून आलेला तिसरा सगळ्या घराला जागे करतो. साठच्या वेगात जी चोरटी हवा इंजिनास जाणवतही नाही, तीच मंदचालीत मिश्रणाचा सगळा हिशेब चुकवते. त्यातून बुलेट एका सिलिंडरची. मिनिटास नऊशे फेरे धरले तरी चारस्ट्रोक इंजिनात स्फोट होतात साडेचारशे, म्हणजे सेकंदास साडेसात. त्यांतला एक चुकला तर ती चूक झाकून घेण्यास शेजारी दुसरा सिलिंडर नसतो.

यावरून तपासाची पहिली जागा कोणती ते ठरते: कार्ब्युरेटर जिथे इंजिनाच्या हेडला जोडला जातो, तो सांधा. जुन्या बुलेटवर ॲमलचा कार्ब्युरेटर असे. 1927 साली इंग्लंडातील तीन कार्ब्युरेटरवाल्यांच्या एकीकरणातून ही कंपनी निघाली, आणि जपानच्या मिकुनीनेही तिच्याच परवान्याने काम केले, ज्या मिकुनीच्या वंशातला 'मिक्कार्ब' पुढे आपल्याकडील बुलेटींवर सर्रास बसला. ॲमलचा देह जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाचा. तो दोन स्टडांवर दोन नटांनी आवळला जातो, आणि पेट्रोल गळताना दिसले किंवा गाडी अडखळली की प्रत्येक हात ते नट थोडे अधिकच आवळतो. वीस-तीस वर्षे अशी गेली की दोन्ही कान हेडकडे ओढले जातात, फ्लँजचा मध्य खोलगट होतो, आणि सांध्यात केसाएवढी फट कायमची राहते. मग गास्केट कितीही जाड घाला, ती फट भरत नाही. रबराचा मॅनिफोल्ड असलेल्या गाड्यांत हेच काम रबराला पडलेल्या सूक्ष्म भेगा करतात. बाहेरून रबर अखंड दिसते, हाताने वाकवून पाहिल्याखेरीज भेग उघडत नाही.

आमच्या गाडीच्या बाबतीत हा शोध एका वयोवृद्ध मिस्त्रींनी लावला. गाडी तेव्हा गर्जत होती; रेस सोडल्यावर वेग उतरावयास चार-पाच सेकंद घेई, आणि त्याआधी दोन ठिकाणी स्क्रू फिरवून तिची अवस्था आणखी बिघडवली गेली होती. या मिस्त्रींनी पेचकस हातात घेतलाच नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी लांब चोचीच्या तेलदाणीतून सांध्याच्या वरच्या कडेवर तेलाचे तीन थेंब सोडले आणि कान लावून उभे राहिले. काही झाले नाही. मग खालच्या कडेला, जिथे बोटही पोचत नाही, तिथे त्यांनी चोच नेली. तेल आत ओढले जाताच तो गर्जणारा आवाज एकदम खाली आला, दोन सेकंद बुलेट तिच्या मूळच्या भारदस्त ठोक्यांवर चालली, आणि तेल संपताच पुन्हा वर गेली. "पंडितजी, गाड़ी हवा ले रही है," एवढेच ते म्हणाले. पुढे कार्ब्युरेटर उतरवून, जाड काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर फ्लँजचे तोंड इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत त्यांनी ते घासले. पहिल्या दहा फेऱ्यांनंतर फक्त दोन्ही टोके चमकली आणि मधला भाग काळाच राहिला. ती चमक हळूहळू मध्यापर्यंत पसरेतो अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाने जे साधले ते त्याआधीच्या दोन महिन्यांच्या ट्यूनिंगने साधले नव्हते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तेलाऐवजी साबणाचे पाणी चालते. परंतु उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहण्याची जी युक्ती काही जण सुचवतात, ती सर्वथा वर्ज्य समजावी. पेट्रोलची वाफ जिथे आहे तिथे विस्तव न्यावयाचा नसतो, आणि आमच्या गल्ल्यांत तर समोरासमोरच्या भिंतींत दोन हातांचेही अंतर नसते.

सांधा निर्दोष निघाला तर लक्ष पेट्रोलच्या पातळीकडे वळवावे, कारण जेट कितीही अचूक असला तरी वाटीतील पातळी चढली की मिश्रण दाट होते आणि उतरली की विरळ. ही पातळी फ्लोट सांभाळतो. जुना फ्लोट पितळी, दोन पातळ वाट्या डाक लावून जोडलेल्या. त्या डाकाला सुईच्या अग्राएवढे भोक पडले की आत पेट्रोल शिरते, फ्लोट जड होऊन बुडतो, आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊ लागते. कानाशी धरून हलवला तर आत पाण्यासारखे खळखळते. आमच्या बुलेटचा फ्लोट असा बुडाला तेव्हा मला तो फेकून देऊन नवा आणण्याचा सल्ला सर्वांनी दिला. बाजारात मिळालेला नवा मात्र बिजागरीपाशी इतका ढिला होता की तो वाटीच्या भिंतीला घासत असे. शेवटी मी जुनाच फ्लोट कागदात गुंडाळून ठठेरी बाजारात नेला.

ठठेरी बाजार ही काशीची पितळेची पेठ. लोटे, घंटा, समया, पूजेची उपकरणी यांचा व्यवहार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या कारागिरांकडे मी गेलो त्यांनी मोटारसायकलीचा फ्लोट त्यापूर्वी हातात धरला नव्हता, परंतु पितळेचा पातळ पत्रा त्यांना सांगावा लागत नव्हता. त्यांनी तो कढत पाण्यात बुडवला. आतील हवा तापून फुगली आणि जोडाच्या एका जागेतून बारीक बुडबुड्यांची रांग वर येऊ लागली. तिथे खिळ्याने खूण केली. मग आतले पेट्रोल पुरते निघून जावे म्हणून फ्लोट दोन दिवस उन्हात ठेवावयास लावला, आणि ज्योत न लावता तापवलेल्या खयाने त्यावर डाक धरला. मी अधीरपणे म्हणालो की थोडा जास्त लावा, म्हणजे पुन्हा गळावयाचा नाही. त्यांनी मान हलवली. डाक वाढला तर वजन वाढेल, वजन वाढले तर हा पाण्यात खोल बसेल, आणि तुम्हाला हा तरता हवा आहे ना, असा त्यांचा सवाल होता. कार्ब्युरेटरशास्त्राचे एक महत्त्वाचे कलम ते मला काही न वाचता सांगत होते: फ्लोटचे वजन बदलले की पेट्रोलची पातळी बदलते. तो फ्लोट आजही त्याच गाडीत आहे.

यानंतरचा मुद्दा पायलट जेटचा. याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाऊन मागे उरणारा चिकट राळेसारखा अंश प्रथम तिथेच बसतो. राजदूत-जावासारख्या, पेट्रोलातच तेल मिसळून चालणाऱ्या गाड्यांत तर पेट्रोल उडते आणि तेल मागे राहते. अशा वेळी क्लचच्या वायरीतील एक तार उपसून ती जेटमधून फिरवण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती मला दुरुस्तीपेक्षा नासधूस वाटते. जेट पितळेचा, तार पोलादाची. छिद्राचा व्यास 0.40 मिलिमीटरवरून 0.44 झाला तर डोळ्यांना काहीच कळणार नाही, परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे पेट्रोलची वाट एकवीस टक्क्यांनी रुंद झालेली असते. मग तो दोष झाकण्यासाठी स्क्रू बाहेर काढला जातो, आणि पुढल्या हंगामात त्याच जेटमध्ये पुन्हा तार जाते. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवून, हवेच्या झोताने साफ करून जेट उजेडाकडे धरून पाहावा. छिद्र वाटोळे आणि स्वच्छ दिसले पाहिजे. जेटइतकीच महत्त्वाची, आणि बहुधा विसरली जाणारी, अशी कार्ब्युरेटरच्या देहातील ती बारीक वाट असते जी पायलटचे मिश्रण स्लाइडच्या पुढे नेऊन सोडते. जेट चकचकीत आणि वाट मात्र तुंबलेली, असे प्रसंग मी अनेकदा पाहिले आहेत.

स्लाइडची झीज हा वयाचा दोष. स्लाइड व देह दोन्ही एकाच जातीच्या मऊ धातूचे असल्यामुळे एकमेकांस खात जातात. इंजिन बंद असताना स्लाइड बोटाने पुढेमागे हलवून टकटक आवाज आला, तर तिच्या बाजूंनी हवा जात आहे असे समजावे. यावर उपाय खरादीचा. देह कातून त्यात स्लीव्ह बसवावी लागते, आणि अशा बारीक कसबाची माणसे या शहरात दुर्मिळ नाहीत. 1956 साली ज्याची पायाभरणी झाली आणि 1964 पासून जो डिझेल इंजिने बाहेर पाडू लागला, तो रेल्वेचा कारखाना काशीतच आहे. याउलट मेन जेट, नीडल यांचा मंदचालीशी संबंध जवळजवळ नाही, कारण त्यांचा अंमल रेस चतुर्थांश उघडल्यानंतरच सुरू होतो. मंदचाल बिघडली म्हणून मेन जेट बदलणाऱ्यास काय सांगावे हेच कळत नाही.

आता दुसरा पक्ष, विजेचा. या पक्षाचे म्हणणे असे की कार्ब्युरेटरचा म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा ठिणगीचा निघतो, आणि अनुभवाने मला त्यांची बाजू बळकट वाटत आली आहे. बुलेटच्या ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांतील फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावयास हवी. ती कमी-अधिक झाली की ठिणगीची वेळ सरकते. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये जाड निळसर ठिणगी फडफडताना दिसली तर कंडेन्सर गेला. परंतु मंदचालीच्या चढउताराचा खरा गुप्त सूत्रधार म्हणजे पॉइंटांखालील स्वयंचलित ॲडव्हान्सचे यंत्र. त्यातील दोन वजने वेग वाढताच बाहेर फेकली जाऊन ठिणगी लवकर पाडतात, आणि दोन बारीक स्प्रिंगा त्यांस मंदचालीत परत आत ओढतात. स्प्रिंग थकली की वजने मंदचालीतच बाहेर सरकतात. ठिणगी लवकर पडते, वेग चढतो, वेग चढला म्हणून वजने आणखी सरकतात, मग मिश्रण पुरत नाही, वेग उतरतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते. बाहेरून पाहणारास हा हुबेहूब कार्ब्युरेटरचा दोष वाटतो. या स्प्रिंगा एवढ्या स्वस्त आणि त्यांच्यापायी बदललेले कार्ब्युरेटर एवढे महाग, हे पाहून हळहळ वाटते.

टूस्ट्रोक गाड्यांत एक तिसराच आरोपी असतो. त्यांच्यात मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये येते, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेले ऑइल सील झिजले तर हवा तिथूनच शिरते. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला तर मिश्रण विरळ होऊन गाडी आपोआप रेस पकडते. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्सचे तेल ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि पेटीतील तेलाची पातळी उतरत जाते. राजदूत किंवा येझदीवर हे लक्षण दिसत असता कार्ब्युरेटर उघडणे म्हणजे पायाच्या काट्यासाठी डोक्याला लेप लावणे होय.

किरकोळ वाटणाऱ्या दोन-तीन बाबींची रुजवात मात्र सर्वांआधी करावी, कारण त्यांस पाच मिनिटेही लागत नाहीत. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावे. वळवताना वेग वाढला तर रेसची वायर ताणलेली आहे. गाडी आठ-दहा किलोमीटर चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. इंजिन थंड असताना बुलेटचा पुशरॉड बोटाने फिरावा परंतु वरखाली हलू नये, अशी टॅपेटची जुळणी असावी. व्हाल्व पुरता मिटतच नसेल तर मंदचाल टिकण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

अलीकडे या प्रश्नास एक नवे परिमाण आले आहे, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांत त्यावरून मोठी मसलत चालू असते. 2023 साली आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे नऊ भाग हवाच पुरते, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू आहे. त्यामुळे या मिश्र इंधनाचे शास्त्रोक्त प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास उतरते. म्हणजे साठ वर्षांपूर्वी शुद्ध पेट्रोलासाठी कापलेले जेट आज गाडीस वजनाने आठ-नऊ टक्के कमी इंधन देतात. याचा परिणाम मंदचाल विरळ होण्यात दिसतो: गाडी थंडीत उशिरा धरते, कार्ब्युरेटरातून खोकते, आणि चोक थोडा ओढल्यास बरी चालते. ही शेवटची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण चोकने सुधारणारा बिघाड नेहमी विरळ मिश्रणाचा असतो. अशा वेळी पायलट जेट एका नंबराने मोठा घालणे न्याय्य आहे. मी स्वतः तसे केले आहे. जुने रबर, बुचाचे वॉशर आणि टाकीच्या आतला जुना लेप यांस इथेनॉल फुगवते आणि सोडवते, तोच गाळ पुढे जेटमध्ये येतो. म्हणून पेट्रोलची नळी व वॉशर आजच्या इंधनास टिकणाऱ्या द्रव्याचेच घ्यावेत. सगळा दोष इंधनावर ढकलणे मात्र मला मान्य नाही. फ्लँज वाकलेला, पॉइंट जळलेले आणि तक्रार इथेनॉलची, अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

इथेनॉल पाणीही शोषून घेते, आणि काशीत पाण्याचा विषय निघाला की गंगा आलीच. येथील धोक्याची पातळी 71.262 मीटर, 1978 साली गंगा 73.901 मीटरपर्यंत चढली होती. पात्र फुगले की पाणी घाटांच्या पायऱ्या गिळून गल्ल्यांत येते, लोक गाड्या उंचावर नेतात, आणि त्या तिथे ओलीत पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहतात. पेट्रोलहून जड असलेले पाणी वाटीच्या तळाशी बसते आणि पायलट जेटचे तोंड तळाजवळच असते. अशा वेळी वाटी सोडून काचेच्या भांड्यात उपडी केली तर पेट्रोलखाली मोत्यासारखे निराळे थेंब गोळा झालेले दिसतात. पावसाळा संपताच प्रत्येकाने ही एक कृती करावी.

ऋतूचाही हिस्सा आहे. माघातील धुक्यात पाच अंशांपर्यंत उतरणारा पारा ज्येष्ठात पंचेचाळिसावर जातो. पाच अंशांची हवा पंचेचाळीस अंशांच्या हवेहून सुमारे चौदा टक्के घट्ट असते. म्हणून माघात नीट लावलेली गाडी ज्येष्ठात दाट चालते, प्लग काजळी धरतो, आणि कोंडीत हेडची उष्णता चढून वाटीतील पेट्रोल उकळू लागते. हेड व कार्ब्युरेटर यांच्यामधली फायबरची जाड चकती याच उष्णतेच्या बंदोबस्तासाठी असते. ती निरुपयोगी समजून काढून टाकलेल्या गाड्या भर उन्हात बंद का पडतात, याचे मग नवल वाटावयास नको.

हे सारे पाहून झाल्यावरच पेचकसाचा अधिकार सुरू होतो. पाच-सहा किलोमीटर चालवून इंजिन पुरते तापवावे, स्लाइड टेकणाऱ्या स्क्रूने वेग थोडा वाढवून ठेवावा, मग हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत, प्रत्येक वेळी इंजिनास क्षणभर सावरू देत, वेग सर्वांत अधिक जिथे होतो ती जागा शोधावी, आणि नंतर पहिल्या स्क्रूने वेग उतरवावा. मग पुन्हा एकदा दोन्ही. ॲमल व मिक्कार्बमध्ये हा स्क्रू हवेचा आहे, म्हणून आत घेतला की मिश्रण दाट होते. नंतरच्या काही गाड्यांत तो इंजिनाच्या बाजूस असून पेट्रोलचा असतो आणि त्याचा न्याय उलटा. सामान्यतः उत्तम जागा एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान सापडते. अर्ध्या फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर सापडली तर स्क्रूवर समाधान मानू नये. जेट चुकीचा आहे किंवा हवेची चोरी अजून चालू आहे.

संपूर्ण कार्ब्युरेटर बदलून नवा बसवावा की जुनाच सांभाळावा, या वादात माझे मत जुन्याकडे झुकते, परंतु आंधळेपणाने नव्हे. देह फुटला असेल, आटे गेले असतील, तर चांगल्या बनावटीचा नवा मिकुनी बसवण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र ॲमलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, नंबर एक आणि छिद्र दुसरेच अशा नकली जेटांपासून दूर राहावे, आणि नवा बसवला तरी जुना भंगारात देऊ नये. त्याचे जेट, त्याची सुई, त्याचा फ्लोट कोणाच्या तरी गाडीस लागणार आहेत.

काकांच्या निळ्या वहीत एका पानावर, दुरुस्तीच्या खर्चाखाली, "हवा स्क्रू दीड फेरा, तीन वर्षे हलविला नाही" अशी नोंद आहे. तो फ्लँज घासून झाल्यावर आणि स्प्रिंगा बदलल्यावर माझा स्क्रू पुन्हा दीड फेऱ्यावरच येऊन थांबला. पुढे इथेनॉलसाठी पायलट जेट बदलला तेव्हा तो दोनवर गेला, आणि हा बदल मी त्याच पानाखाली तारीख घालून लिहिला. वाचकांस विनंती एवढीच आहे की जुन्या गाडीच्या त्या स्क्रूस पेचकस लावण्यापूर्वी तो आत टेकेपर्यंत किती फेरे घेतो ते हलक्या हाताने मोजावे, तो आकडा तारखेसह कुठेतरी लिहून ठेवावा, आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे.